वाडा दिसतो, इरलं दिसत नाही

मागच्या दिवाळीत टीममधल्या एका बंगाली मित्रानं मला एक गोल पत्ता दिला. हातानं रंगवलेला, मधे मत्स्यावतार. बिष्णुपूरचा दशावतार ताश. मी मोबाइलवर आमच्या भोरच्या राजवाड्याचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "वाडा भारी आहे. पण तुमच्याकडे बनतं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आपण 'वारसा' हा शब्द कसा वापरतो, हे मला खटकतंय.

बिष्णुपूर ही मल्ल राजांची राजधानी. तिकडे चांगला दगड दुर्मीळ, म्हणून विटांची आणि भाजलेल्या मातीच्या फलकांची देवळं उभी राहिली: १६४३चं श्यामराय, १६५५चं जोडबांगला. पण गाव देवळांवरच थांबलं नाही. तिथली बालुचरी साडी मूळची मुर्शिदाबादकडची. तिकडे ती विणणं बंद पडलं आणि विसाव्या शतकात बिष्णुपुरात ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे परंपरा आपोआप टिकत नाही, कुणीतरी ती मुद्दाम उचलून धरावी लागते. आपल्या सावंतवाडीतही हेच झालं. १२० पत्त्यांचा दशावतारी गंजिफा संपत आला होता, तेव्हा तिथल्या राजघराण्यानं राजवाड्यातच कारागीर बसवले. आज तो फारसं कुणी खेळत नाही, पण रंगवणारे हात आहेत.

आता भोरकडे पाहू. १८६९चा राजवाडा सिनेमा-मालिकांत सतत दिसतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी वाड्याच्या नावानं. त्याचे लाकडी खांब घडवणारे सुतार कोण, हे आपण कधी विचारत नाही. वेल्ह्यातला राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मीही स्टेटस ठेवलं. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी आहेच तशी. पण या दोन तालुक्यांत हातानं घडलेली सगळ्यात हुशार वस्तू कुठल्याच यादीत नाही. ती म्हणजे इरलं.

बांबूच्या कामट्यांची चौकट, त्यात पानांचे थर. छत्री एक हात अडवते, आणि वाकलं की पाठ भिजतेच. इरलं डोक्यावरून थेट कमरेपर्यंत उतरतं. वेल्ह्याच्या पावसात भातलावणी करणारी माझी आजी इरल्याखाली दोन्ही हात मोकळे ठेवून दिवसभर वाकलेली असायची. वापरणाऱ्याच्या पाठीचा एवढा विचार मी लिहिलेल्या एकाही ॲपमध्ये नाही.

मग प्लॅस्टिक आलं. हलकं, स्वस्त. आजीनंही तेच घेतलं आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. बुरुडकाम जातीला बांधलेलं होतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या पोरांना 'परंपरा जपा' असं हिंजवडीत बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. इथंच आपलं वारसाप्रेम खोटं पडतं. आपल्याला वस्तू टिकायला हवी असते, पण ती करणाऱ्याचं पोट कशावर भरायचं, हा प्रश्न नको असतो. सावंतवाडीत गंजिफा टिकला तो कौतुकावर नाही. खेळणारे गेल्यावर विकत घेणारे दुसरे मिळाले, म्हणून टिकला.

यंदा जूनमध्ये भोरच्या बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या एका मावशींना विचारलं, "इरलं कराल का?"

"करंन की. पण दिस मोडतो त्याच्यात."

त्यांनी किंमत सांगितली. आणि मी, सवयीनं, "थोडं कमी करा ना मावशी" म्हणालो.

त्या हसल्या आणि सूप विणायला लागल्या.

तो बिष्णुपूरचा पत्ता माझ्या टेबलावर फ्रेममध्ये आहे. फ्रेमवाल्यानं सांगितले तेवढे पैसे मी मुकाट दिले होते.