पडदा लागला, पण मूल कुठे आहे?

‘तुम्ही डिजिटल शिक्षणाच्या बाजूनं की विरोधात?’ असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. खडू-फळ्याबद्दल असा प्रश्न आपण कधी विचारतो का? साधन कोणत्या अडचणीवर वापरलं, एवढंच बघायचं असतं. म्हणून आज तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं आपल्या घरचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण गुरुजींनी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेतही आणली, हे आपण विसरतो. मुलांची अडचण भाषेची होती, ती त्यांनी ओळखली. कोड त्या ओळखीला जोडून आला. आपण मात्र कोड तेवढा उचलला.

दुसरं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारनं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेत आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. संगणकाचा वापर वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र पोचलं, त्यानं शिकवायचं काय आणि शिक्षकानं त्याचं करायचं काय, हे नीट पोचलं नाही.

तिसरं दिल्लीचं. ‘माइंडस्पार्क’ नावाची प्रणाली शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत वापरली गेली. चाचणीत दिसलं की बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे आहेत. मग प्रणालीनं काय केलं? प्रत्येकाला तो जिथे आहे तिथला प्रश्न दिला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी, दोन्हींत चांगली प्रगती दिसली. आता इथे घाई करू नका. नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकावर होता. उरलेल्या निम्म्या वेळात लहान गटाला माणूसच शिकवत होता. तेव्हा सगळं श्रेय यंत्राच्या पदरात टाकता येणार नाही.

आता आपल्या वर्गात या. सहावीच्या वर्गात मोठा पडदा लागलाय. अपूर्णांकांचा सुंदर व्हिडिओ सुरू आहे. मागच्या बाकावरच्या मुलीला अजून भागाकार येत नाही. व्हिडिओला ती दिसत नाही. तो सगळ्यांना एकाच वेगानं, एकच गोष्ट सांगतो. म्हणजे जुनंच व्याख्यान, फक्त रंगीत! फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना निदान तिचा चेहरा तरी दिसत होता. पडदा लावून आपण बाईंनाही बाजूला बसवलं, तर ती मुलगी आणखीच एकटी पडते.

आमचा आक्षेप आहे तो इथे. अहवालात ‘शाळा डिजिटल झाली’ असं लिहिलं जातं आणि पडदे मोजले जातात. भागाकार किती जणांना आला, हे कोण मोजतं? मोजायचं तर दोन्ही मोजा. खर्चाचा एक वाटा शिक्षकांच्या तयारीसाठी ठेवा. आणि नवीन काही विकत घेण्याआधी बाईंना विचारा, ‘तुमच्या वर्गात नेमकं कुठे अडतंय?’

उत्तर कदाचित टॅबलेट असेल. कदाचित आणखी एक शिक्षक असेल. पण विचारल्याशिवाय कळणार कसं?