कोपीचं दार

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या पुस्तकात बाप घराला दार करतो. लोखंडी खिळे नाहीत, म्हणून लाकडी खुंट्या ठोकून. ते दार कसं जुळलं हे लेखिका सावकाश, एकेक फळी दाखवत सांगते. १८६२च्या अमेरिकी कायद्याने पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकरांची आशा दाखवली होती. हे कुटुंब मात्र ओसेज आदिवासींच्या मुलखात घुसलेलं; शेवटी घर सोडून निघतं. तरीही वाचकाच्या मनात राहतं ते दार.

बीडच्या ऊसतोडीवरचं लेखन वाचताना मला या सावकाशीची उणीव जाणवते. दसऱ्यानंतर शिरूर कासार, पाटोदा, धारूरकडची माणसं मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांवर निघतात. फडाजवळ कोपी उभी राहते. तिला दार नसतं, फार तर एखादं फडकं लोंबतं. पट्टा पडला की ती मोडायची आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे बांधायची. इथे पाच वर्षांनी नावावर काही होत नाही.

योगीराज बागूल यांच्या ‘पाचट’ने हे जग आतून मराठीत आणलं, हे मोठंच काम. पण आत्मकथन लिहिणारा शिकून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे या प्रकाराची ओढ फडापासून शाळेकडे राहते. आपण समीक्षकही ‘खडतर प्रवास’ म्हणून मोकळे होतो. प्रवास मुलाचा. आई फडातच राहते, आणि तिचा दिवस दोन-चार करुण वाक्यांत उरकतो.

तो दिवस खरं तर कादंबरीएवढा आहे. अंधारात उठून भाकरी थापायच्या, नवऱ्याने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, गाडी रात्री आली तर रात्री. आजारी पडली तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’; उचल कोयत्यावर, हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे. अवजाराच्या नावाने जोडपं मोजणारा हा शब्द आपल्या लेखनात स्थानिक रंग म्हणून येतो. त्यात एक माणूस गायब होतं, इकडे लक्ष जात नाही.

बाई कोयत्यातून सुटी मोजली गेली ती २०१९च्या शासकीय पाहणीत, तीही पिशवीच्या हिशेबात: बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. हा आकडा आता प्रत्येक लेखात येतो, माझ्याही आला. मात्र ऑपरेशननंतर कितव्या दिवशी तिने पुन्हा मोळी उचलली, ती उचलताना हात कुठे धरला, हे वाइल्डरबाईंनी दार लिहिलं तसं लिहिलेलं पान मला अजून वाचायचं आहे.