माती टिकवणारे शिल्पकार

आपल्याकडे शिल्पकार सुरुवात मातीपासूनच करतो, पण शेवटी हाती उरतं ते ब्राँझ. सांगाड्यावर माती चढवायची, पुतळा घडवायचा, त्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, की मातीचं काम संपलं. शाडूचा गणपती तर विसर्जनासाठीच घडतो. त्यामुळे भाजलेल्या मातीलाच पूर्ण शिल्प मानणारा कलावंत मराठी रसिकाला अजून परका वाटतो. प्रदर्शनात त्याला हमखास विचारतात, "यात फुलं ठेवता येतील का?"

या प्रश्नाला सगळ्यात ठाम उत्तर दिलं ते हिम्मत शाह यांनी. १९३३ साली लोथलला जन्मलेल्या या माणसाने दिल्लीच्या गढी स्टुडिओत वर्षानुवर्षं टेराकोटाची मुंडकी घडवली. लांबट, ओरखडलेली, भोकं पडलेली, डोळे-नाक जेमतेम सुचवणारी. लोथलचं हडप्पाकालीन अवशेषांचं उत्खनन आणि ही मुंडकी यांची सांगड घालण्याचा मोह समीक्षकांना आवरत नाही. मला त्यांत इतिहासापेक्षा हट्ट जास्त दिसतो. चेहरा 'कुणाचा तरी' होण्याआधीच हात थांबवायचा, हा तो हट्ट. २०१६ साली दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने त्यांच्या कामाचं सिंहावलोकन मांडलं. तोवर ते ऐंशी ओलांडून गेले होते. मातीनंतर त्यांनी ब्राँझमध्येही मुंडकी केली. ती देखणी आहेत, पण बोटांचा दाब मातीत जसा कळतो तसा धातूत कळत नाही. २०२५च्या मार्चमध्ये जयपूरला त्यांचं निधन झालं.

हे माध्यम कलावंताचं सगळं आयुष्य भट्टीला बांधून ठेवतं. जाड, भरीव आकार आत ओल धरून ठेवतो. ताव वाढला की वाफ होते आणि शिल्प फुटतं. म्हणून ते आतून पोकरावं लागतं, आठवडेच्या आठवडे सावकाश वाळवावं लागतं. वाळताना आणि भाजताना माती आकसते, बऱ्याचदा दहा टक्क्यांहून जास्त. स्टोनवेअरसाठी, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीसाठी, १२०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं आणि त्या तापात ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, कुठे ओघळेल यावर हुकमत चालत नाही. भट्टी घाईने उघडली तर तडा ठरलेलाच. शिल्पाची उंचीही भट्टीच ठरवते; त्याहून मोठं हवं असेल तर तुकड्यांत भाजून जोडायचं.

शिवाय पोट आहेच. १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या सिरॅमिक कलावंतांनी पाँडिचेरीत 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली. तिथे ताटल्या-वाट्यांच्या विक्रीवर कार्यशाळा उभी राहिली आणि तिथेच शिकून शिल्पकारांची एक पिढी बाहेर पडली. मीकर यांनी तर कच्च्या विटांची आख्खी घरं बांधून ती आतून पेटवून भाजली. भट्टीच्या मापात राहायचं नसेल तर घरालाच भट्टी करायची, इतकी धमक नंतरच्या कामांत मला क्वचितच दिसली.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जी मातीकडे आल्या त्या कुंभारकामातून नव्हे, तागाच्या दोऱ्यांच्या गाठींतून. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या कार्यशाळेत त्या सिरॅमिककडे वळल्या. त्यांच्या 'नाइट ब्लूम' मालिकेत फूल आणि मानवी देह वेगळे काढता येत नाहीत. ओल्या मातीचा लवचीकपणा भाजल्यावरही टिकवणं सर्वांत अवघड, आणि ते त्यांना साधलं.

आज परिस्थिती वरवर बरी आहे. भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन २०१८ला जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरलं, २०२४ला दिल्लीत. पण अलीकडच्या सिरॅमिक प्रदर्शनांत एक सवय खटकते. शेकडो छोटे तुकडे करायचे, भिंतीवर किंवा छताला टांगायचे आणि त्याला मांडणीशिल्प म्हणायचं. भट्टीच्या मापावरची ही पळवाट आहे. संख्येने डोळे दिपतात, पण एकेक तुकडा हातात घेतला तर त्यात आकाराचा विचार फारसा सापडत नाही.

महाराष्ट्रात साधनांची आणि जाणकारांची वाण नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्या आहेत, ग्लेझवर हयातभर प्रयोग करून कुंभारांसाठी पुस्तक लिहिणाऱ्या निर्मला पटवर्धन इथल्याच, भाईंदरचे कुंभार ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. उणीव आहे ती मातीच्या शिल्पाकडे शिल्प म्हणून पाहणाऱ्या लेखनाची आणि कायमस्वरूपी दालनाची. मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने आता भांड्यांच्या कपाटाबाहेर, पुतळ्यांच्या शेजारी, या कामाला जागा द्यावी.