सत्यशोधक मंगलाष्टके : आशीर्वचन आणि प्रतिज्ञा

रूढ मंगलाष्टकांत आशीर्वाद देणारे बोलतात; वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंस मौन धारण करून उभी असतात. जोतीराव फुले यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधि' या पुस्तिकेत हा क्रम पालटला आहे. येथे वधू स्त्रियांना न लाभलेल्या स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित करून वचन मागते. वर स्त्रियांच्या अधिकारांसाठी झटण्याची शपथ घेतो. निर्मिकावरील श्रद्धा कायम असल्याने हा विधी ईश्वरनिरपेक्ष म्हणता येत नाही. तो पुरोहितनिरपेक्ष आहे. तथापि या रचनेचे मर्म वधूला लाभलेल्या वाणीत आहे. म्हणूनच केवळ देवनामे वगळून रचलेली, परंतु वधूवरांना मूकच ठेवणारी आशीर्वचने इहवादी ठरली, तरी फुल्यांच्या परंपरेतील ठरत नाहीत.