'लाडक्या भावा'ची योजना आणि न मोजलेला गट

सरकारी रोजगार योजनेचा उपयोग झाला की नाही, हे कसं ठरवायचं? आपल्याला बहुतेक वेळा एकच आकडा ऐकवला जातो: इतक्या लाख तरुणांनी लाभ घेतला. पण या आकड्यातून योजना किती जणांपर्यंत पोचली एवढंच कळतं. पोचल्यावर काय झालं, ते कळत नाही. हा फरक आपल्याकडच्याच एका योजनेवरून बघू.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लोकांनी तिला लगेच 'लाडका भाऊ' म्हणायला सुरुवात केली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात सहा महिने काम शिकायला मिळणार आणि विद्यावेतन थेट खात्यात जमा होणार. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तरांना १०,०००. वर्षाला १० लाख जणांचं उद्दिष्ट होतं.

कल्पना वाईट नाही. 'अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही' हे चक्र ज्यांनी भोगलंय त्यांना सहा महिन्यांच्या अनुभवाची किंमत कळते. अडचण पुढे आहे. सहा महिने संपल्यावर काय, याचं उत्तर योजनेतच नव्हतं. प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली आणि २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली. म्हणजे तोच प्रश्न पाच महिने पुढे गेला, इतकंच.

आता मोजणीकडे येऊ. औषध घातलेल्या पेशी मेल्या, एवढ्यावर तुम्ही निष्कर्ष काढलात तर प्रयोगशाळेतला कुणीही विचारेल, 'कंट्रोल कुठाय?' औषध न घातलेल्या पेशींचं काय झालं हे माहीत नसेल तर निष्कर्ष काढताच येत नाही. योजनेचंही तसंच आहे. समजा, प्रशिक्षण घेतलेल्या १०० जणांपैकी ४० जणांना वर्षभरात नोकरी लागली. छान वाटतं ना? पण तशाच शिक्षणाच्या, तशाच गावांतल्या, प्रशिक्षण न घेतलेल्या १०० जणांपैकी ३८ जणांनाही लागली असेल तर? मग योजनेची कमाई ४० नाही, दोन आहे.

आणि हे दोनसुद्धा खरे असतीलच असं नाही. फ्रान्समध्ये एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकलेल्या बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करणारा कार्यक्रम तपासला. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २३५ भागांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं: कुठे पात्र तरुणांपैकी कुणालाच मदत द्यायची नाही, कुठे २५ टक्क्यांना, कुठे ५०, ७५, तर कुठे सगळ्यांना. मदत मिळालेल्यांना आठ महिन्यांनी नोकऱ्या जास्त मिळालेल्या दिसल्या. पण हा फायदा टिकला नाही. शिवाय त्यातला काही भाग मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्यातून आला होता, आणि जिथे मुळात नोकऱ्या कमी तिथे हे जास्त दिसलं. रांग तेवढीच राहिली, रांगेतली माणसं मागेपुढे झाली.

हा धोका आपल्याकडेही आहे. अनेक प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालयांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेले. तिथे आधीच पदं रिकामी असतील आणि रोजचं काम प्रशिक्षणार्थी उरकत असेल, तर ते पद भरायची घाई कुणाला राहील? शिकायला आलेला मुलगा स्वस्तातला बदली कर्मचारी होतो, आणि तीच जागा निघण्याची वाट बघत परीक्षेचा अभ्यास करणारा दुसरा मुलगा मागे पडतो. असं किती ठिकाणी झालं, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

आकडेवारीतही एक गंमत आहे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात 'नियमित पगारी' या वर्गात विद्यावेतन घेणारे शिकाऊ उमेदवारही येतात. म्हणजे सहा महिन्यांनी घरी बसणार असलेला प्रशिक्षणार्थी आज पक्क्या नोकरीवाल्याच्याच रकान्यात मोजला जाऊ शकतो.

मग नोकरी शोधणाऱ्याला आधार कशाचा? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अर्ज केल्यावर १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याची तरतूद होती. त्याआधी १९७७ मध्ये महाराष्ट्रानेच रोजगार हमीचा कायदा केला होता. पण ही हमी ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामाची. नोकरी गेलेल्या विमाधारकांसाठी राज्य कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यासाठी आधी विम्याखालची नोकरी केलेली असावी लागते. पहिलीच नोकरी शोधणारी पदवीधर मुलगी दोन्हींत बसत नाही. तिच्या वाट्याला येतं ते मुदतबंद विद्यावेतन, तेही हक्क म्हणून नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'इतके लाख लाभार्थी' ऐकलंत की तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षण संपल्यावर वर्षभराने किती जण कामावर आहेत? प्रशिक्षण न मिळालेल्या तशाच तरुणांचं काय झालं? ज्या कार्यालयांनी प्रशिक्षणार्थी घेतले, तिथली किती रिक्त पदं भरली गेली? ही माहिती गोळा करणं अवघड नाही. अर्ज, आधार, बँक खाती सरकारकडे आहेतच. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढा, म्हणजे तुलनेचा गटही आपोआप तयार होतो. म्हाडाच्या घरांसाठी आपण सोडत काढतोच की.