सोवळे आणि कुर्बान : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामांतून स्वार्थावर प्रवचने होतात. त्यांतला स्वार्थी मनुष्य बहुधा ठरलेला असतो. तो कोठारे वाढवणारा शेतमालक असतो, नाहीतर दारातल्या लाझरसकडे न पाहणारा श्रीमंत. ऐकणाऱ्याला हायसे वाटते, कारण दोन खोल्यांच्या घरात कोठार कुठून असणार? लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र मात्र आपल्याला इतक्या सहज सुटू देत नाही. या ग्रंथातले दोन पुरुष, लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले आणि पती रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांच्यापैकी कोणाचाही दोष धनलोभ हा नव्हे. एकाला शुद्धतेची ओढ आहे, दुसऱ्याला परोपकाराची. तरीही दोघांच्या घरात बाकीची माणसे त्यांच्याभोवतीच फिरत राहतात.

मराठी समीक्षेने या ग्रंथाचे कौतुक पुष्कळ केले. निर्मळ विनोद, घरगुती भाषा, पतिपत्नींच्या स्वभावांतील गमतीदार विरोध, हे सारे पाठ्यपुस्तकांतूनही आपल्या परिचयाचे झाले आहे. पण विनोदाच्या या कौतुकात त्याखालचे दुःख बरेचसे झाकले गेले, असे माझे मत आहे.

आरंभीची प्रकरणे पाहावीत. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी, आणि मागोमाग नानांचे सोवळ्याचे वेड. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, माणसाची सावलीसुद्धा संशयास्पद. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात पाणी वाहत राहते आणि बायकामुलांचे हात राबत राहतात. लेखिका हे हसतहसत सांगते, वाचकही हसतो. मात्र ज्या पावित्र्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ते एका माणसाचे आहे, आणि त्याचे मोल मोजणारी माणसे वेगळी आहेत, हे तिच्या लेखणीतून निसटत नाही.

टिळकांचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण येथे दोष सद्‌गुणाच्या पोटात दडलेला आहे. टिळक उदार होते, आणि ते औदार्य खरे होते. हातातला पैसा गरजवंताला देताना उद्या चूल कशी पेटेल याचा हिशेब त्यांनी क्वचितच केला. मनात आले की ते घर सोडून निघत, संतापत, पुन्हा लहान मुलासारखे विरघळत. चुलीचा तो हिशेब मग लक्ष्मीबाईंकडे येई. दानाचे पुण्य दात्याच्या नावावर जमा झाले, उपवास मात्र घरातल्यांच्या वाट्याला आला.

मार्कलिखित शुभवर्तमानाचा सातवा अध्याय या दोन चित्रांशेजारी ठेवून पाहावा. अध्यायाच्या प्रारंभी हात धुण्याचा, पेले आणि भांडी धुण्याचा वाद आहे. मनुष्याला अशुद्ध करणारे ते बाहेरून येत नाही, अंतःकरणातून निघते, असे प्रभू येशू सांगतो. तेथे नाना गोखले आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच अध्यायात ‘कुर्बान’ची गोष्ट आहे. आईवडिलांच्या उपयोगी पडावे ते धन देवाला अर्पण केले म्हणून सांगायचे आणि कर्तव्यातून मोकळे व्हायचे, ही ती चाल. टिळकांना अशा कपटाचा आरोप चिकटवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी स्वतःसाठीही काही राखले नाही. पण अर्पणाच्या नावाखाली जवळच्या माणसाचा हक्क नाहीसा होऊ शकतो, हे येशूने नेमके ओळखले होते. धुणे आणि देणे, दोन्ही पुण्यकर्मे त्याने एकाच अध्यायात तपासून पाहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना टिळकांनी पत्नीला मागे सोडले, तोही आत्मकेंद्रितपणाच का? मला तसे वाटत नाही. सदसद्विवेकबुद्धीची हाक कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही, आणि त्यांनी लक्ष्मीबाईंवर स्वतःचा धर्म लादलाही नाही. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परत आल्या, जातिभेद माणसाने निर्माण केला हे त्यांना स्वतःच्या विचारातून पटले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना लिहायला उत्तेजन देणारे टिळकच होते, हेही विसरू नये. (टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या कॅथलिक परंपरेबाहेरचे. पण या बाबतीत ख्रिस्तसभांच्या सीमा आडव्या येत नाहीत.) १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली, तेव्हा मात्र जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. संसारी मनुष्याच्या संन्यासात त्याच्या पत्नीची संमती कितपत गृहीत धरलेली असते?

कांजूरमार्गच्या वाचकाला नानांचे सोवळे परके वाटू नये. मुलुंडचे क्षेपणक्षेत्र २०१८ मध्ये बंद झाले, त्यानंतर मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा वाटा आपल्या खाडीलगतच्या भूमीवर येऊन पडतो. वारा फिरला की दुर्गंधी घरात शिरते. शहरातले प्रत्येक घर स्वतःचा उंबरठा स्वच्छ ठेवते, आणि त्या स्वच्छतेचा भार दुसऱ्याच्या अंगणात उतरतो. यात कोणाच्याही मनात दुष्टपणा नसतो. जलालपूरच्या घरातही तो नव्हता.

निःस्वार्थीपणाचा उपदेश आपल्याकडे सर्वांत जास्त कोणाला केला जातो, हाही प्रश्न या ग्रंथामुळे मनात येतो. विवाहाच्या तयारीत, मातांच्या मेळाव्यात, तो बहुतांशी स्त्रियांच्याच कानी पडतो. ज्यांच्या वाट्याला आधीच चूल, पाणी आणि पाहुणे आलेले असतात, त्यांनाच आणखी त्याग करा म्हणून सांगितले जाते. लक्ष्मीबाईंनी राहुरीला दुष्काळातल्या अनाथ मुलांना मायेने सांभाळले. ते त्यांना कोणा प्रवचनकाराने शिकवले नव्हते. पण त्या कुढत राहिल्या नाहीत आणि पतीला देव्हाऱ्यातही बसवले नाही. त्या भांडल्या, रुसल्या, आणि पुढे सगळे लिहून काढले. पतीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या स्त्रीने त्याच्याविषयी एकही गोष्ट गोड करून सांगू नये, ही ‘स्मृतिचित्रे’ची मला सर्वांत मोठी कमाई वाटते. मी-मी म्हणावयाची मुभा ज्या वाङ्‌मयप्रकारात सर्वांत अधिक, त्यात ही लेखिका हशा स्वतःवरच ओढवून घेते. तिचा ‘मी’ कधी घाबरतो, कधी फजीत होतो, पण शेजारच्या माणसाला झाकून टाकत नाही.

१९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. धड शाळेतही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतले.