खुले कोणासाठी?

व्हॉट्सॲप सोडा, सिग्नल घ्या; गूगल सोडा, ओपन सोर्सकडे वळा, असा उपदेश करणारे लेखन आता मराठीतही येऊ लागले आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी जाहीर केल्या, तेव्हा त्याला भरतीच आली. या लेखनाचा हेतू प्रामाणिक आहे. त्याचा निष्कर्षही मला बहुतांशी मान्य आहे. प्रश्न आहे तो त्यातील माणसाचा. हे लेखन कोणाला उद्देशून आहे?

त्यातल्या माणसाकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, इंग्रजी आहे, मोकळी दुपार आहे. जाहिराती मागे लागल्या की तो वैतागतो. खाजगीपण ही त्याच्या अभिरुचीची बाब आहे. माझ्या वर्गातला विद्यार्थी या लेखनात कोठेच नाही. त्याच्या घरी तिघांत एक फोन. शिष्यवृत्तीची सूचना, वसतिगृहाची यादी, जयंतीची बैठक, सारे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच येते. ते एकट्याने सोडणे म्हणजे माणसे सोडणे होय. अशांना अडाणी ठरविणारा उपदेशक नकळत नवे सोवळे उभे करतो.

पण म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे मानणे आत्मघातकी ठरेल. 'आपल्याकडे लपविण्यासारखे आहे काय?' असे आपल्यातलेच काहीजण विचारतात. आडनाव कळताच भाड्याची खोली नाकारली जाते, हे ज्यांनी भोगले त्यांनी तरी असे विचारू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधील एका त्रुटीतून पेगॅससने जगभरातील सुमारे १,४०० फोन लक्ष्य केल्याचे उघड झाले. त्यात भारतातील कार्यकर्ते, वकील, पत्रकार होते. आपल्यालाही तसा इशारा मिळाल्याचे आनंद तेलतुंबडे यांनी सांगितले होते.

येथे उपदेशकांचा भाबडेपणाही उघडा पडतो. फोनच ताब्यात गेला तर सिग्नल वाचवू शकत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचे संदेशही २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कुलूपबंद आहेत. खरा भेद मालकीत आहे. कोण कोणाशी, केव्हा बोलतो ही नोंदच मोलाची असते. व्हॉट्सॲप २०१४ पासून जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या मालकीचे आहे. सिग्नल ना-नफा संस्था चालविते आणि अशी नोंद जवळजवळ ठेवीतच नाही.

आता 'खुले' या शब्दाकडे पाहू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. सॉफ्टवेअर वापरावे, अभ्यासावे, बदलावे, वाटावे, ही तिची स्वातंत्र्ये. विचार थोर आहे. परंतु परवाना मिळणे आणि प्रवेश मिळणे या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, ते कागदावर. त्या पाण्याला आपला हात लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे हजारोंनी चालत जाऊन. एकेकट्याने जाणाऱ्याच्या वाट्याला काठीच आली असती.

म्हणून फोन बदलण्याचा हा विचार एकट्याच्या शुद्धीकरणातून काढून संघटनेच्या कामात आणला पाहिजे. जयंतीचा ग्रुप व्हॉट्सॲपवर राहील. तेथे लोक आहेत. पण अत्याचारग्रस्त कुटुंबाचे नाव, साक्षीदाराचा पत्ता, फिर्यादीचे फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्याची आपली सवय आजच थांबली पाहिजे. त्या कामातील दहा-बाराजणांनी एकाच बैठकीत बसून, एकाच दिवशी सिग्नल घ्यावे. २०२४ पासून त्यात आपला नंबर न दाखविताही बोलता येते. आपल्या कार्यकर्त्या भगिनींना याचे मोल कळेल. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला मराठीत शिकवावे. कॉलेजच्या संगणकावर लिब्रेऑफिस मराठीत चालते, तेथून विद्यार्थ्यांनी सुरुवात करावी आणि पुढे त्याच्या घडणीतही शिरावे.

इतरांनी लिहिलेली आज्ञावली वाचण्याची मुभा मिळाली, एवढ्यावर आपण समाधानी राहता कामा नये. ती लिहिणाऱ्यांत आपली मुले-मुली किती, हा यापुढचा प्रश्न आहे.